एक भोक जास्त

सिव्हिलचा तिसरा मजला, मे महिना.
कूलर कोरडा. पंखा गरमच हवा फिरवतो.
नळीत पाणी आलंय, जेमतेम चमचाभर,
तीन वर्षांच्या पाठीच्या कण्यातलं.
नितळ असायला हवं होतं.
तांदळाच्या धुवणासारखं आहे.
चिठ्ठीवर: अक्षिता बोम्मा, विडी घरकुल. ताप, झटके, मान ताठ.

काचेवर थेंब, जांभळा रंग, धुणं, पुन्हा रंग.
भिंगाखाली दोन-दोन करून बसलेत,
हुरड्याच्या दाण्यांसारखे, बाहेरची टोकं निमुळती,
भोवती फिकी कड.
ते त्यांचं पांघरूण.

न्यूमोकोकस. लॅबमध्ये आम्ही नुसतं न्यूमो म्हणतो,
घरातल्याला हाक मारावी तसं.
घरातलाच आहे. कितीतरी पोरांच्या नाकात
निमूट राहतो, एखाद्या दिवशी खाली उतरेपर्यंत.

मेंढीच्या रक्ताच्या प्लेटवर रेघा ओढते,
बरणीत ठेवते, आत मेणबत्ती लावते, झाकण घट्ट.
ज्योत हवा खाते, बारीक होते, विझते.
त्या विझलेल्या हवेत तो वाढतो.
एकवीस वर्षं हे करतेय,
झाकण लावताना अजून दुसरीकडं बघते.

अप्पा साखर पेठेत जकार्डची कार्डं पाडायचे.
पुठ्ठ्याला भोक असेल तर धागा वर,
नसेल तर खाली.
एवढ्यावर मोर निघायचा.
आईला टायफॉइड झाला त्या आठवड्यात
त्यांच्या हातून एक भोक जास्त पडलं,
मोराच्या मानेवर आणखी एक डोळा उगवला.
दोनशे चादरी उतरल्यावर कळलं.
शेठनं पगार कापला, माल कोपऱ्यात टाकला.
दिवाळीच्या तोंडावर गुलबर्ग्याचा व्यापारी आला,
सगळं उलटंपालटं करून म्हणाला, हाच मोर द्या.
पुढं चार वर्षं तोच विणला.
जुनं, बरोबर असलेलं कार्ड
अप्पांनी बंबात घातलं.

सकाळी प्लेट हिरवट झालेली.
कॅरमच्या सोंगट्यांसारखे ठिपके, मध्ये बसके.
ऑप्टोचिनच्या चकतीभोवती मोकळं अंगण,
म्हणजे तोच.
दुसऱ्या प्लेटवर
ऑक्झासिलिनच्या पार उंबऱ्याला टेकून वाढलाय.
एरिथ्रोमायसिनच्याही.
फक्त व्हॅन्कोमायसिनपाशी
लांब उभा आहे, अजून तरी.

हा नुसता चुकत नाही.
शेजारचा जंतू मरून फुटला
की त्याच्या सुताचे तुकडे उचलतो,
आपल्या ताण्यात सांधतो. गाठ हाताला लागत नाही,
माझ्या आत्याला यायची तशी गाठ.
लस ज्या पांघरुणाला ओळखते
ते टाकून कधी दुसरंच ओढून घेतो.
आणि आपण गिऱ्हाईक.
आपण अर्धवट मारतो,
जो उरतो त्याचीच मागणी.

मी वॉर्डला फोन केला. मग खाली गेले,
एरवी जात नाही.
नागमणी जिन्यात बसली होती,
बोटं तंबाखूनं पिवळी, मांडीवर सूप नाही म्हणून
हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.
आधी काही गोळ्या दिल्या होत्या?
"दिलं की ओ. शेजारनीकडं तीन उरलेल्या.
मागच्या महिन्यातबी दिलं.
ताप उतरलं की ठेवून द्यायचं, परत लागतंय."

मी तिला काय सांगणार?
माझ्या पर्समध्ये अझिथ्रोची अर्धी पट्टी होती,
फेब्रुवारीतली, भाच्यासाठी आणलेली.
त्याचा खोकला थांबला होता.
मी पर्सची चेन ओढून घेतली,
ती ओढलेलीच होती.

पाचव्या दिवशी अक्षितानं डोळे उघडले.
सातव्या दिवशी बिस्कीट मागितलं.
प्लेटा मी ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या,
एक नळी तेवढी डीप फ्रीजमध्ये ठेवली,
नंबर टाकून, पुढच्या लॅबसाठी.
तो तिथं गोठून बसेल, कार्डासकट.

डिस्चार्जच्या सकाळी दारातून बघितलं.
नागमणी उजवीकडून हाक मारत होती,
"एमैंदी तल्ली? अक्षिता?"
पोरगी खिडकीकडं बघत राहिली.
पुन्हा हाक, जरा मोठ्यानं.
मग नागमणी उठली,
पदर सावरत खाटेला वळसा घालून
डावीकडं आली.